उपास नव्हता तो

आमच्या नात्यागोत्यात माझ्या ताईचा विषय निघाला की अजूनही कुणीतरी हात जोडून म्हणतं, "फार देवभोळी पोर. एवढ्याशा वयात किती उपास करायची!" माझ्या अंगाचा तिळपापड होतो. ताई देवभोळी नव्हती. ती आजारी होती, आणि घरातल्या शहाण्यासुरत्या माणसांनी तिच्या आजाराची आरती ओवाळली. ते कसं झालं हे मी जवळून पाहिलंय, म्हणून लिहिते आहे.

चौलात आमची नारळी-पोफळीची वाडी होती. वडील वाडी बघत. काका मुंबईला गोदीत कामाला, सणावाराला येत. त्यामुळे घरात थोरली म्हणून काकूचाच शब्द चाले. आई धाकटी जाऊ. तिनं काकूपुढे मान वर करून बोललेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. मुली आम्ही दोघीच. ताई पंधरा वर्षांची, मी अकराची. ताई उंच होती, खांद्यानं रुंद, हाताला भक्कम. रहाटाचा बैल अडला तर गड्याची वाट न बघता स्वतः त्याला फिरवायची. मासे तिला जीव की प्राण. रेवदंड्याची कोळीण पाटी घेऊन अंगणात आली की ताई आधी पाटीपाशी. बोंबील स्वतः साफ करायची, स्वतः तळायची आणि चुलीपाशीच एक तोंडात टाकायची. काकू ओरडायची, ताई हसायची. ते हसणं मला आजही ऐकू येतं, कारण नंतर ते पुष्कळ दिवस बंद पडलं.

दिवाळीनंतर पालीकडचं एक स्थळ तिला बघायला आलं. मुलगा मॅट्रिक झालेला, अंगानं किडकिडीत. सोबत त्याचे वडील आणि एक मावशी. ताईनं पोहे आणून ठेवले, नमस्कार केला. नाव, शिक्षण, स्वयंपाक, सगळं विचारून झालं. मग मावशीनं तिला जवळ बोलावलं, दंडाला हात घातला आणि बाजारातली वांगी चाचपावीत तसा तो दंड चाचपून पाहिला.

"पोरगी थोराड हाय," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "आमच्या मुलाशेजारी उभी केली तर त्याची आई दिसेल."

पुरुष मंडळी हसली. मुलगाही हसला. आमचे वडीलही, पाहुण्यांचा मान म्हणून, हसले. मी दाराआड होते आणि मला ताईचा चेहरा दिसत होता. ती जमिनीकडे बघत होती, आणि मावशीनं हात सोडल्यावरही तिनं तो दंड दुसऱ्या हातानं तसाच झाकून धरला होता.

त्यांनी नकार दिला नाही, हे विशेष. जाताना मुलाचे वडील म्हणाले, "घाई नाही. वर्षभरात बघू. तोवर पोरीला जरा आटोक्यात आणा."

आटोक्यात आणा! म्हणजे ती काय वाडीत शिरलेलं ढोर होती?

त्या संध्याकाळी काकूनं ताईला एक भाकरी कमी वाढली. मुद्दाम नव्हे, असं ती नंतर कायम म्हणायची. पण वाढली कमी, आणि म्हणाली, "बास आता. लोकांनी बोल लावलाय." ताईनं ती भाकरीही अर्धीच खाल्ली.

पहिल्यांदा तिनं मासे सोडले. मार्गशीर्ष आहे म्हणाली. घरात कुणी हरकत घेण्याचा प्रश्नच नव्हता, काकूच मार्गशीर्ष पाळायची. पण मार्गशीर्ष संपला आणि ताईचे मासे काही परत आले नाहीत. कोळीण हाक मारायची, "ये गो, ताजी मांदेली हायेत," आणि ताई आतूनच नको म्हणायची. मग सोमवार आला. मग गुरुवार, मग शनिवार. मग एकादशी. उपासाच्या दिवशी आमच्याकडे साबुदाणा, रताळी, वऱ्याचे तांदूळ असं पोटभर असायचं. ताई त्यातलंही काही घेईना. पाणी पिऊन राहायची. जे दिवस उरले त्या दिवशी ती पानावर बसायची, पण तिचं जेवणं बघण्यासारखं झालं होतं. भाकरीचे नखाएवढे तुकडे करायची. ते पानाच्या एका कडेला मांडायची. आमटीत बोट बुडवून चोखायची. आम्ही उठलो तरी तिचे तुकडे तिथेच, फक्त जागा बदललेली. मग पान उचलून ती गोठ्यात जायची आणि येताना पान स्वच्छ असायचं.

आणि गंमत अशी की घरातला सगळा स्वयंपाक आता तीच करायला लागली. काकूच्याही आधी चुलीशी. वालाचं बिरडं, घावन, नारळाच्या वड्या. मला पुढ्यात बसवायची आणि "अजून घे, अजून घे" म्हणत वाढायची. मी खात असले की टक लावून माझ्या तोंडाकडे बघत राहायची. मला त्या नजरेची भीती वाटायला लागली होती.

चौलला दत्ताचं देऊळ डोंगरावर आहे, खालपासून वर पायऱ्या. मार्गशीर्षातल्या जत्रेनंतर ताई रोज पहाटे डोंगर चढायला लागली. पुढे पुढे संध्याकाळीही. मी एकदा बरोबर गेले. ती वर पोचली, उंबऱ्याला हात लावला आणि लगेच वळून खाली उतरली. देवाकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. खाली आल्यावर म्हणाली, "तू बस, मी परत जाऊन येते."

"आता कशाला?"

"सकाळी घोटभर चहा घेतला होता," ती म्हणाली. जणू त्यात सगळं उत्तर आलं.

गावात मात्र बोलबाला झाला. देवळातल्या बायका काकूला थांबवून म्हणायच्या, "भाग्यवान हो तुम्ही, आजकालच्या पोरी अशा कुठं असतात?" काकू फुलून जायची. हळदीकुंकवाला ताईला शेजारी बसवून सांगायची, "आमची पोर आठवड्याला चार दिवस काही खात नाही." बायका ताईच्या पाया पडायच्या बाकी होत्या. पोर वाळत चालली होती, डोळे खोल गेले होते, चोळी खांद्यावरून घसरत होती, आणि समोर बसलेल्या डझनभर बायकांपैकी एकीनंही विचारलं नाही की अगो, तुला भूक लागत नाही का?

मी सांगितलं होतं. माघात आम्ही विहिरीवर आंघोळीला गेलो तेव्हा तिची पाठ मला उघडी दिसली. मणके एकेक मोजता आले असते. हातांवर बारीक मऊ लव आली होती, तान्ह्या बाळाच्या अंगावर असते तशी. वेणी घालताना फणीत केसांचा पुंजका यायचा. भर उन्हात ती गोधडी घेऊन पडवीत बसायची आणि तिचे हात हाताला थंडगार लागायचे. मी काकूकडे जाऊन म्हणाले, "ताई जेवत नाही. पान गाईला घालते."

काकूनं माझ्या पाठीत धपाटा घातला. "बहिणीच्या चहाड्या करतेस? तिच्या पायाचं तीर्थ घे, तुला बुद्धी येईल."

मग मी वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, "बायकांचं बायका बघतील."

मग आईला सांगितलं. ती खाली मान घालून तांदूळ निवडत होती, निवडत राहिली.

आमच्याकडे महिन्याला बायका बाजूला बसत. कोण बसली, कोण नाही, यावर काकूची नजर असे. फाल्गुनात तिच्या ध्यानात आलं की ताई संक्रांतीपासून बाजूला बसलेलीच नाही. ज्या बाईला पोरीची निघालेली हाडं दिसली नाहीत, तिला हे बरोबर दिसलं! आणि तिनं त्याचा अर्थ काय काढला? काल जिला देवी म्हणत होती तिला तिनं सुपाऱ्यांच्या खोलीत नेलं, दार लावून घेतलं आणि विचारलं, "कोण तो?"

ताईला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिच्या तोंडून आवाज फुटेना. काकूनं ते मौन म्हणजे कबुली समजली. "डोंगरावर कशाला जात होतीस ते आता कळलं," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी सुईण बोलावली. सुईणीनं ताईला आतल्या खोलीत झोपवून तपासलं. मी बाहेर उभी होते. आई खोलीत होती. आत काय झालं ते ताईनं कधी सांगितलं नाही, आणि मी कधी विचारलं नाही. सुईण बाहेर आली आणि म्हणाली, "तसलं काही न्हाय. पोरीच्या अंगात रगतच न्हाय."

काकूनं सुस्कारा सोडला. "देवानं राखलं," म्हणाली, आणि सुईणीला नारळ दिला. संपलं! पोरीच्या अंगात रक्त नाही हे तिनं ऐकलं, आणि अब्रू शाबूत आहे म्हणून नारळ दिला. त्या नारळाचा राग मला अजून गिळता आलेला नाही.

तेवढं झाल्यावर वडिलांना थोडी जाग आली. ते ताईला अलिबागला एका डॉक्टराकडे घेऊन गेले. मलाही नेलं. डॉक्टर सुटाबुटातले, भिंतीवर चौकटीत प्रमाणपत्र. त्यांनी ताईची जीभ बघितली, नाडी बघितली. ताईशी ते एक शब्द बोलले नाहीत. वडिलांना म्हणाले, "या वयात मुलींचं असंच चालतं. नखरे असतात. टॉनिक देतो. लग्न उरकून टाका, सासरी गेली की आपोआप जेवेल."

लाल औषधाची बाटली घेऊन आम्ही परत आलो. ताईनं ती मोरीत ओतली. त्याबद्दल मात्र मी तिला कधी दोष दिला नाही.

वैशाखात ती पडली. भर दुपारी वाडीतल्या विहिरीवर घागर ओढत होती. मी शेजारी कपडे आपटत होते. घागर वर आली आणि ताई गुडघ्यांत मोडून काठावर कोसळली. एक वीत इकडेतिकडे झालं असतं तर ती खाली गेली असती. मी किंचाळले. गडी धावले. तिला उचलणारा गडी पुढे सगळ्यांना सांगत होता की सुपारीचा रिकामा करंडा उचलल्यासारखं वाटलं.

ओसरीवर तिला निजवलं. काकू आली आणि म्हणाली, "बाहेरचं काहीतरी लागलंय. विहिरीवरच पडली म्हणजे बघा. अमावास्येला उतारा करू."

तेव्हा आई उठली.

"उतारा नाही करायचा," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता. "मी हिला मुंबईला नेते. माझ्या भावाकडे."

काकू म्हणाली, "तुला कोणी विचारलं?"

"आजवर कोणी विचारलं नाही, म्हणून तर ही अशी पडलीय. सुईणीला आणलीत तेव्हा मी बोलायला पाहिजे होतं. पोर माझ्याकडे बघत होती, आणि मी भिंतीकडे बघत होते. आता मी कुणाचं ऐकायची नाही, जाऊबाई."

वडील म्हणाले, "अलिबागच्या डॉक्टरांचं औषध चालू आहे ना?"

"ते मोरीला चालू आहे," आई म्हणाली. म्हणजे तिला ठाऊक होतं!

पावसाळा तोंडावर आला होता. एकदा दर्या खवळला की बोटी बंद. आईनं दोन लुगडी बांधली, ताईला आणि मला घेतलं, आणि रेवदंड्याहून आगबोट पकडली. निघताना काकूनं दारातून पाठ फिरवली. वडील बंदरापर्यंत आले, होडीत चढताना ताईला हात दिला, आणि काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "सांभाळून." मला तेव्हा त्यांचाही संताप आला. सांभाळायचं कोणी, तिनंच?

मामा गिरगावात दोन खोल्यांत राहायचा. त्याच्या बायकोनं ताईला बघितलं आणि तोंडावर पदर धरला, आणि लगेच अंथरूण घातलं. दुसऱ्या दिवशी ती आम्हाला बायकांच्या एका दवाखान्यात घेऊन गेली. तिथली डॉक्टर बाई होती. पांढरं पातळ, जाड चष्मा, बोलणं जरा तुटक. मला ती आधी आवडली नाही.

तिनं ताईला खुर्ची दिली. अलिबागेत ताई उभीच होती. मग तिनं सरळ ताईलाच विचारलं, "तुला खावंसं वाटत नाही, की वाटतं आणि तू खात नाहीस?"

मी आजवर ऐकलेला सगळ्यात साधा प्रश्न. सहा महिन्यांत हा प्रश्न तिला कुणीही विचारला नव्हता. ताई म्हणाली, "वाटतं. रात्रंदिवस तेच डोक्यात असतं. पण घास आत गेला की वाटतं, मी फुगत चालले. मला लहान व्हायचंय." आणि ती रडायला लागली. चौलला रात्री गोधडीत घुसमटून रडायची तसं नव्हे, मोठ्यानं.

डॉक्टरीणबाईंनी तिला रडू दिलं. मग आईला विचारलं, "कधीपासून?"

आणि आई बोलायला लागली. आधी मासे सोडले. मग उपास. मग तुकडे. गोठा. डोंगर. थंडी वाजते. केस जातात. आपण शिजवते आणि दुसऱ्याला भरवते. बाजूला बसणं बंद झालं. एकेक गोष्ट, अगदी क्रमानं. मी तिच्याकडे बघतच राहिले. हिनं सगळं पाहिलं होतं! तांदूळ निवडता निवडता, खाली मान घालून, हिनं सगळं पाहिलं होतं, आणि बोलायची सोय नव्हती म्हणून पोटात ठेवलं होतं. मला तिचा राग यावा की त्या घराचा, हे तेव्हा कळेना. आज विचाराल तर घराचा.

"हा उपास नाही आणि नखराही नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हा आजार आहे. मी अशा मुली पाहिल्यात. मासे सोडले तेव्हाच आणली असतीत तर सोपं गेलं असतं. पण आणलीत हे चांगलं केलंत."

"भूत नाही ना?" आईनं विचारलं.

"भूत असेल तर ते हिचा दंड चाचपणाऱ्या बाईच्या अंगात," त्या म्हणाल्या. रडता रडता ताईनं तो प्रसंग त्यांना सांगितला होता. त्या क्षणी मला त्या आवडल्या.

त्यांनी ताईला काही दिवस दवाखान्यातच ठेवलं, कारण तिची नाडी फार मंद होती. नंतर मामाकडे ठेवायला सांगितलं, चौलला परत नाही. थोडंथोडं आणि पुनःपुन्हा द्यायचं, पेजेपासून सुरुवात. जेवताना कुणीतरी शेजारी बसायचं, जेवण झाल्यावरही बसून राहायचं. मारून मुटकून भरवायचं नाही. तिच्या अंगावरून कुणी काही बोलायचं नाही, चांगलंसुद्धा नाही. डोंगर, जिने, उपास बंद. आणि दर आठवड्याला त्यांच्याकडे यायचं, नुसतं बोलायला.

हे सगळं सरळ पार पडलं असं कुणी समजू नये. ताई पेज खिडकीबाहेर ओतायची. मामीनं पकडलं की आरडाओरडा करायची, माझ्या ताईच्या तोंडी कधी न आलेले शब्द बोलायची. एकदा तिनं आईला ढकललं. आई भिंतीला टेकली, श्वास घेतला आणि परत वाटी घेऊन तिच्या शेजारी बसली. वाटी निवून जायची, आई बसलेली. पावसाळाभर हे चाललं. गणपतीच्या सुमारास एका दुपारी मामी बोंबील तळत होती, आणि ताई उठून चुलीपाशी जाऊन उभी राहिली. खाल्ला नाही. नुसती उभी राहिली. पण मामीनं माझ्याकडे असं बघितलं की आम्हा दोघींचे डोळे भरून आले.

दिवाळीला वडील मुंबईला आले. येताना निरोप घेऊन आले होते. पालीच्या मंडळींच्या कानावर गेलं होतं की मुलगी आता चांगली बारीक झाली आहे. त्यांना पसंत होती. तिथी काढा म्हणत होते.

वडील हे सांगताना चक्क खुशीत होते. मला वाटलं माझं डोकं फुटेल. मरता मरता वाचलेली पोर, आणि हे म्हणतात पसंत! मी काही बोलणार, तोच ताई म्हणाली, "त्यांना सांगा, मी परत जाड होणार आहे."

आणि आई म्हणाली, "आणि हेही सांगा, की आमच्या मुलीला मुलगा पसंत नाही. किडकिडीत आहे."

वडिलांचं तोंड उतरलं. पण त्यांनी निरोप पोचवला. तेवढं श्रेय मी त्यांना देते, जास्त नाही.

ताई मुंबईतच शिकली, मास्तरीण झाली आणि अलिबागेजवळच्या एका मुलींच्या शाळेत लागली. पूर्ण बरी झाली का? डॉक्टरीणबाई म्हणायच्या, बरी आहे, पण जपून. काही दिवस तिला जड जायचे. कुणी तिच्या अंगावरून सहज काही बोललं, घरात आजारपण आलं, की तिचा घास अडायचा. फरक इतकाच, की आता ती ते लपवत नसे. मला निरोप पाठवायची, "दोन दिवस ये, जेवायला बस माझ्याबरोबर." मी जायची. आम्ही समोरासमोर बसायचो, इकडचं तिकडचं बोलायचो. खायला किती वेळ लागला याची चौकशी मी कधी केली नाही.

एका वर्षी तिच्या वर्गातली एक मुलगी डबा मैत्रिणींना वाटून टाकायला लागली. मुलगी हुशार, गावातल्या एका वजनदार सावकाराची. ताईनं चार-आठ दिवस बघितलं आणि थेट घरी गेली. मुलीच्या वडिलांनी तिला ओसरीवरच उभं केलं. "मास्तरीणबाई, तुम्ही पाढे शिकवा. आमच्या पोरीच्या ताटात बघू नका. तिचे गुरुवार आहेत."

ताई परत आली ती तणतणत. मी तेव्हा तिच्याकडेच होते. "गुरुवार म्हणे!" ती म्हणाली. "गुरुवारी उपास, आणि शुक्रवारी पोर डबा वाटून टाकते त्याचं काय?"

"आता?" मी विचारलं.

"आता काय? उद्या परत जाते. त्या माणसाशी बोलायचंच नाही. मागच्या दारानं जाते, तिच्या आईकडे."

आणि गेली. पहिल्यांदा त्या बाईनंही दार लोटलं. ताई पुन्हा गेली. चौथ्या की पाचव्या खेपेला ती बाई डोक्यावरून पदर घेऊन, मुलीचा हात धरून, स्वतःच शाळेच्या मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मुंबईच्या त्या डॉक्टरीणबाई कुठं असतात म्हणालात?" मी ताईचा डबा द्यायला शाळेत आले होते. ताईनं वर्ग माझ्यावर सोपवला आणि त्या दोघींना घेऊन ती बंदराकडे निघाली.